पंधरा इंचांची पट्टी

गळ टाकून मासा धरायचा, हातात घेऊन त्याची लांबी मोजायची आणि लगेच त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, या उद्योगाला काय म्हणावे? पूर्वी कोणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी एका शब्दात उत्तर दिले असते : रिकामटेकडेपणा! भोयाच्या घरात जन्मलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणेही कठीण. आमच्याकडे मासा पाण्याबाहेर आला की त्याची वाट ठरलेली. ती बाजाराकडे जाते. बाजारात खपला नाही तर घरच्या चुलीकडे. माशाला परतीचीही वाट असते हे आमच्या गावीही नव्हते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका जलाशयावर मी अख्खा दिवस होडीत बसून काढला आणि माझे हे उत्तर डळमळीत झाले. ते पूर्ण बदलले असे मी म्हणणार नाही. काय बदलले, काय बदलले नाही आणि त्याचा आपल्या उजनीच्या पाण्याशी काय संबंध, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम माझी पाटी कोणती ते सांगितले पाहिजे. आमचे आबा भीमेच्या डोहात मासे धरीत. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. नदीचे तळे होताना मी पाहिले आहे. आमचा घाट, वाळवंट, चिंचेखालचा पार, सारे हळूहळू पाण्याखाली गेले. पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि शहरांतून माणसे ते पाहायला येतात. आमच्यासारख्यांना ते पाहवत नाही. नदी गेली, पण मासा राहिला. आबांनी डोह सोडून खोल पाण्यात होडी घातली आणि आम्हा भावंडांना वाढवले. धाकट्या भावाने ती होडी पुढे चालवली. मी पुस्तके धरली आणि आपल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागलो. तेव्हा मासेमारीविषयी मी जे बोलेन ते काठावरून बोलणाऱ्याचे बोलणे आहे, पण पाय ओले असलेल्या माणसाचे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझी मुलगी अलाबामातील हंट्सव्हिल या शहरात राहते. तिच्याकडे गेलो असता शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांशी ओळख झाली. माझे वडील मासेमार होते हे कळताच त्यांचे डोळे चमकले. "मग बास धरायला उद्याच जाऊ!" ते म्हणाले. मी घड्याळाकडे पाहावे तसे खिडकीबाहेर पाहिले. झाडांची पाने केव्हाच झडली होती, अंगणातील गवतावर पांढरे दहिवर होते. इतक्या थंडीत मासा कोण धरतो, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, "थंडीत तळ्यावर गर्दी नसते, हाच तर फायदा!" जावयाने माझ्या नावाचा परवाना रात्रीच काढून ठेवला. हो, परवाना! गळ टाकायला परदेशी पाहुण्यालाही तेथे पैसे मोजून परवाना काढावा लागतो. आबांच्या आत्म्याला केवढे नवल वाटले असेल!

जलाशयाचे नाव गंटर्सव्हिल. टेनेसी नदीवर १९३५ ते १९३९ या काळात बांधलेल्या धरणाचे हे पाणी, सुमारे ६९ हजार एकरांचे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली आणि तिने या नदीवर धरणांची माळच उभी केली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असेल. आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये याच नमुन्यावर उभे राहिले. मी वर्गात वर्षानुवर्षे हे शिकवले, पण त्या पाण्यावर एक दिवस तरंगेन असे वाटले नव्हते. होडीत बसल्यावर शेजाऱ्यांनी समोरचा पडदा दाखवला. ध्वनिलहरी तळाला धडकून परततात आणि तळाचे चित्र पडद्यावर उमटते. त्यात एक सरळ रेघ दिसली. "हा जुना रस्ता," ते म्हणाले. मग खुंटांची रांग दिसली. ते बुडण्यापूर्वी तोडलेल्या झाडांचे बुंधे. मग एक खोल चर. ते नदीचे मूळ पात्र. ज्या तळ्याला आपण निसर्ग समजून पाहावयास जातो त्याच्या पोटात कोणाचे तरी गाव आहे, ही गोष्ट मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. उठावे लागलेली कुटुंबे तेथेही होती, येथेही होती. मी जरा वेळ गप्प बसलो. शेजाऱ्यांना वाटले, मला थंडी वाजत आहे.

थंडी तर वाजतच होती. पण होडी धक्क्यावरून सुटण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. माझ्या अंगात तरंगते जाकीट चढवून त्याचे बंद स्वतः ओढून पाहिले. आणि इंजिनाची लाल दोरी आपल्या जाकिटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. लहान होड्यांना ही दोरी अडकवणे एप्रिल २०२१ पासून तेथे कायद्याने आवश्यक झाले आहे. जाकीट कशाला, मला पोहता येते, असे मी भोयाच्या ताठ्याने म्हणालो. ते म्हणाले, "इतक्या थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला माणूस पोहत नाही, धापा टाकतो." धक्क्यावर एकही पोलीस नव्हता, शिपाई नव्हता, पाटी वाचायला लावणारा कोणी नव्हता. मला त्या वेळी हा म्हातारा फार भित्रा वाटला. पुढे चारच महिन्यांनी, २१ मे २०२४ रोजी, आपल्या उजनीत कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती बातमी ऐकली तेव्हा मला त्या बंद ओढून पाहणाऱ्या हातांची आठवण झाली. भित्रा कोण आणि बेफिकीर कोण, याचा हिशेब मी तेव्हापासून नव्याने मांडू लागलो आहे.

आता प्रत्यक्ष मासेमारीकडे येतो. बास हा मासा आपल्याकडे नाही, पण मरळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा स्वभाव सहज कळेल. मोठे तोंड, दबा धरून बसण्याची सवय, लहान माशांवर झडप, आणि पिल्लांची राखण करण्याची रीत. बासमध्ये हे राखणीचे काम नर करतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याच्या शरीराचा सारा कारभार मंदावतो; भूक कमी, हालचाल कमी. त्या दिवशी पाणी आठ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. उन्हाळ्यात जो मासा आमिषामागे धावत सुटतो तो अशा पाण्यात जुन्या पात्राच्या काठाला, नाहीतर पाणगवताच्या मुळाशी, जवळजवळ झोपल्यासारखा पडून असतो. त्याला पळती शिकार नको असते, आयती हवी असते. शॅड नावाची लहान मासळी तेथे विपुल आहे, आणि ती थंडी फार वाढली की मरू लागते. मरणारी मासळी कशी दिसते? दोन झटके देते, थांबते, अधांतरी तरंगते, पुन्हा एक झटका. हिवाळ्यातील सारी कला या मरणाची नक्कल करण्यात आहे.

शेजाऱ्यांनी मला ती शिकवली. प्लास्टिकची मासोळी फेकायची, दोन झटके द्यायचे आणि थांबायचे. मनात पंधरा अंक मोजायचे. पुन्हा झटका, पुन्हा मोजणी. दोऱ्याचे पाणी काठीच्या कड्यांत गोठत होते आणि ते मधूनमधून नखाने खरवडावे लागत होते. होडीच्या नाकावर बॅटरीची एक लहान मोटर होती. ती पायाने चालवीत ते होडी एका जागी धरून ठेवीत. आवाज नाही, बोलणे नाही. वर एका वठलेल्या झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता, तोही आमच्यासारखाच वाट पाहत. आबा म्हणत, "जाळं टाकल्यावर माणसानं घाई करू नये, घाई पाण्याला कळते." ते वाक्य मला सहा हजार कोसांवर जाऊन पटले.

तीन तास काही लागले नाही. मग शेजाऱ्यांच्या काठीला जडपणा आला. झटका नव्हे, नुसता जडपणा. ओले पोते अडकावे तसा. थंडीतला मासा ओढतही नाही म्हणाना! त्यांनी हात आधी पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे रोग धरतो. हिरवट पाठीचा, कुशीवर काळा पट्टा असलेला मासा त्यांनी एका पट्टीवर ठेवला. पट्टीवर पंधरा इंचांवर ठळक रेघ होती. त्या जलाशयात पंधरा इंचांहून, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटरांहून, लहान बास ठेवून घेण्यास बंदी आहे. माशाचे शेपूट रेघेच्या अलीकडेच संपले. पावणेपंधरा! शेजाऱ्यांनी मासा पाण्यात धरला, त्याचे कल्ले दोनतीनदा हलले आणि तो खाली गेला. फोटो नाही, हळहळ नाही. मी सहज विचारले, "पाव इंचासाठी कोण पाहायला येतो?" त्यांनी माझ्याकडे किंचित आश्चर्याने पाहिले. "तपासणीवाले माझ्या आयुष्यात चारपाच वेळाच भेटले असतील. पण पट्टी तर रोजच होडीत असते ना!"

दुपारी त्यांनी आणखी एक मासा धरला. तो एकोणीस इंच भरला. तो त्यांना कायद्याने नेता आला असता. तोही त्यांनी सोडला. मला एकही मिळाला नाही. भोयाच्या मुलाची लाज राहिली नाही, पण ते असो.

परतताना माझ्या मनात दोन निरनिराळे विचार चालू होते, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत असे मला वाटते. पहिला त्या एकोणीस इंची माशाबद्दल. त्याला सोडणे म्हणजे दया, असे तेथील पुष्कळ मंडळी समजतात. मला हे मान्य नाही. ज्याच्या ओठातून आपण लोखंड आरपार घालतो, ज्याला दमवून वर ओढतो, त्याला शेवटी सोडले म्हणून आपण दयाळू ठरत नाही. सोडलेले सगळेच मासे जगतात असेही नाही. गळ घशात गेलेला, खोल पाण्यातून झपाट्याने वर आणलेला, असे काही मागाहून मरतात. थंड पाण्यात प्राणवायू अधिक असल्याने हिवाळ्यात हे प्रमाण उन्हाळ्यापेक्षा कमी असते, एवढेच. खेळासाठी पकडणे हे पोटासाठी पकडण्याहून श्रेष्ठ, असे कोणी म्हणाले तर मी आबांच्या वतीने भांडेन.

शिवाय या सोडण्याचा जन्म दयेतून झालेला नाही. मॉन्टगोमेरी येथील रे स्कॉट हे विमा विकणारे गृहस्थ. त्यांनी १९६७ पासून बास धरण्याच्या स्पर्धा भरवल्या. त्या काळी मेलेल्या माशांच्या माळा उंच धरून फोटो काढणे ही प्रतिष्ठा होती. स्पर्धा आल्या की तळी रिकामी होतात, अशी ओरड होऊ लागली. तेव्हा १९७२ मध्ये स्कॉट यांनी मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची मोहीम काढली. खेळ टिकायचा तर मासा टिकला पाहिजे, हा त्यातला सरळ व्यवहार होता. होडीतच वाहत्या पाण्याची टाकी बसवण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. गंटर्सव्हिललाच १९७६ मध्ये या खेळाची अजिंक्यपदाची स्पर्धा झाली होती. म्हणजे चांगली चाल स्वार्थातूनही जन्मू शकते. यात मला कमीपणा वाटत नाही. उलट धीर येतो. संत होण्याची अट असती तर आपल्यापैकी कितीजण उत्तीर्ण झाले असते?

आणि सोडणे हेच पुण्य म्हणावे तर जपानात जाऊन पाहावे. हाच बास १९२५ साली तेथे नेण्यात आला आणि पुढे बिवा या प्राचीन सरोवरात पसरून तेथील मूळच्या मासळीवर त्याने ताव मारला. त्यामुळे त्या प्रांताने २००३ पासून उलटाच नियम केला : धरलेला बास पुन्हा सरोवरात सोडावयाचा नाही! एकाच माशाला एका पाण्यात सोडणे हा धर्म, दुसऱ्या पाण्यात सोडणे हा गुन्हा. आपल्या उजनीतला चिलापी आठवा. तोही बाहेरून आलेलाच. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज आपल्या जाळ्यात कटला-रोहूपेक्षा तोच अधिक येतो. लहान चिलापी सोडून दिला म्हणून उजनीचे भले होणार नाही. तेव्हा अमेरिकेची नक्कल करून सरसकट मासे सोडत सुटावे, असे मी सुचवीत नाही.

मग माझ्या मनात काय घर करून राहिले? तो दुसरा विचार. त्या पावणेपंधरा इंची माशाचा. त्याला सोडण्यात दया नव्हती आणि मौजही नव्हती. तेथे होता फक्त एक नियम, आणि कोणी पाहत नसताना तो पाळणारा माणूस.

या ठिकाणी मला एक कबुली दिली पाहिजे. मी बी.ए.ला होतो त्या वर्षांत आबांनी बारीक आसाचे जाळे घेतले. त्या जाळ्यातून बोट जाईल की नाही अशी शंका. त्यात सारे येई : चिलापी, वाम, आणि कटला-रोहूची बोटुकली, जी मोठी व्हावी म्हणून सरकारने जलाशयात सोडलेली असे. आबांना ती ओळखू येत नव्हती असे नाही. ते पाटीतली बोटुकली हाताने बाजूला सारीत, क्षणभर पाहत आणि पुन्हा पाटीत ढकलीत. माझी परीक्षेची फी भरावयाची होती. बोटभर माशांच्या पाट्या विकून ती फी भरली गेली. आज मी वर्गात शाश्वत विकासावर बोलतो तेव्हा ज्या पदवीच्या जोरावर बोलतो ती त्या बोटुकलीची आहे. म्हणून बारीक जाळे टाकणाऱ्याला कोणी गुन्हेगार म्हटले की माझी मान आधी खाली जाते.

परत आल्यावर मी भावाला ती पट्टी दाखवली. शेजाऱ्यांनी आठवण म्हणून दिली होती. गंटर्सव्हिलची सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "दादा, मी सोडलेला मासा मोठा हुईस्तोवर पाण्यात ऱ्हाईल व्हय? उद्या सकाळी तो शेजारच्या होडीत जाईल. मग मी सोडून काय मिळवलं?"

विद्यार्थी मित्रांनो, अर्थशास्त्राची पुस्तके ज्या प्रश्नाला पानेच्या पाने देतात तो माझ्या भावाने तीन वाक्यांत मांडला. त्याला उत्तर म्हणून नीतीचे धडे देणे मूर्खपणाचे आहे. मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि गंटर्सव्हिलला मी जे पाहिले त्यातले अर्धेच पाहिले होते हे माझ्या लक्षात आले. पट्टी मला दिसली. पट्टीच्या मागे काय होते ते दिसले नव्हते.

पट्टीच्या मागे तीन गोष्टी होत्या. पहिली अशी की तेथील तळ्यातला बास विकताच येत नाही. तो खेळाचा मासा ठरवलेला आहे आणि त्याची विक्री हा गुन्हा आहे. त्याच टेनेसी नदीतला कॅटफिश मात्र व्यावसायिक मासेमार धरतात आणि विकतात. ज्या माशाला बाजारच नाही त्याला पाव इंचासाठी सोडणे सोपे असते! दुसरी गोष्ट पैशाची. परवान्याचे पैसे मासळीच्या देखभालीकडे जातात. शिवाय गळ, काठी, दोरा अशा सामानावर कर आहे आणि १९५० च्या एका कायद्यानुसार त्याचे उत्पन्न राज्यांना याच कामासाठी मिळते. म्हणजे जो पाणी वापरतो तो पाण्याला काही देतो, आणि दिल्यामुळे ते आपले समजतो. तिसरी गोष्ट, शेजाऱ्यांचे पोट त्या माशावर नव्हते. त्यांच्या होडीच्या किमतीत आपल्याकडे घर होईल. अशा माणसाच्या नियमनिष्ठेचे कौतुक करावे, पण माझ्या भावाला त्याचे उदाहरण देऊ नये.

मग उजनीला उपाय कोणता? माझे मत असे की, पट्टी होडीत ठेवून भागणार नाही. ती काट्याजवळ ठेवली पाहिजे. एकट्या मासेमाराच्या सदसद्विवेकावर बोजा टाकू नये. ज्या काट्यावर मासळी तोलली जाते, जेथे लिलाव बोलला जातो, तेथेच ठरावीक लांबीखालचा कटला, रोहू, मृगळ घेतला जाणार नाही, असा मासेमारांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून निर्णय घ्यावा. लहान मासा विकलाच जात नसेल तर बारीक जाळे घेणार कोण? आणि मग भावाच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. त्याने सोडलेला मासा शेजारच्या होडीत गेला तरी शेजाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही, तोही सोडील. बाजार बंद झाला की दोघांचे हित एक होते.

यात तोटा किती, याचा साधा हिशेब करा. पन्नास ग्रॅमची बोटुकली धरली तर किलोला वीस लागतात. चांगले पाणी आणि खाणे मिळाले तर कटला वर्षभरात किलोच्या घरात जातो. विसांतली निम्मी मेली असे धरले तरी एका किलोच्या जागी दहा किलो. एवढे व्याज कोणती बँक देते? पण व्याजासाठी थांबायला घरात वर्षाचे धान्य लागते, आणि ते नाही, येथेच सारे अडते. म्हणून माझे दुसरे मत असे की, लहान मासा विकणे बंद करावयाचे तर त्या पहिल्या एका वर्षाची झळ मासेमाराच्या एकट्याच्या अंगावर पडता कामा नये. त्याला जाळे बदलून देणे, त्या वर्षापुरता आधार देणे, हे समाजाचे काम आहे. धरणाचे पाणी ऊस पिते, शहरे पितात, कारखाने पितात. ज्यांचे घाट त्या पाण्याखाली गेले त्यांना एका वर्षाचा धीर देणे कोणाला जड जाऊ नये.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, हे सारे ठीक, पण ठराव करणार कोण? मी सांगतो, सुरुवात गिऱ्हाइकाने करावी. ते काम तुमचे माझे आहे. या महाविद्यालयात शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींची घरे उजनीच्या काठाला आहेत. काहींच्या घरी होडी आहे, उरलेल्यांच्या घरी रविवारी मासे शिजतात. बोटभर कटला ताटात आला तर तो कोठून आला ते विचारावे. बाजारात पाटीत दिसला तर घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना नम्रपणे सांगावे. त्यांच्यावर डाफरू नये. ज्यांना वाम, चिलापी, कटला, रोहू यांची पिल्ले वेगळी ओळखता येत नाहीत त्यांनी आधी ती ओळखायला शिकावे. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि होडीत बसाल तेव्हा जाकीट घाला. तुम्हांला पोहता येते, हे मला सांगू नका. मीही तेच सांगितले होते.

ती पट्टी भावाच्या घरी खुंटीला आहे. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून पाटीतले कटले एकेक करून तिच्यावर ठेवीत होता. मी काही बोललो नाही. सगळे मोजून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, निम्मे बारके हैत." मग त्याने ते सारे पाटीत भरले आणि पाटी सायकलला बांधली. सोडले नाहीत, सोडणे त्याला परवडण्यासारखे नव्हते, आणि ते तर केव्हाच मेलेले होते. पण त्याने मोजले. आबांनी हाताने बाजूला सारून पुन्हा ढकलले होते. त्याने मोजून सांगितले. आता काट्यापाशी कोणी मोजायला उभे राहते का, एवढाच प्रश्न उरला आहे. तो प्रश्न मी माझ्या भावाला विचारणार नाही. तुम्हांला विचारतो.